खोटं हसायचं की घरी बसायचं?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. वय ६१. दहा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरी त्या एकट्याच. शेजारच्या बाईंच्या आग्रहानं तीन आठवड्यांपासून त्या जवळच्या बागेतल्या हास्यक्लबात जाऊ लागल्या आहेत. सकाळी आवरून बाहेर पडणं, चार माणसं भेटणं, नंतरच्या गप्पा हे त्यांना आवडतं. हसणं मात्र जमत नाही. ‘हो हो, हा हा हा’ करताना आपण नाटक करतोय असं वाटतं. क्लब चालवणारे काका सगळ्यांसमोर म्हणतात, ‘ताई, मनापासून हसा, बीपीची गोळी सुटेल.’ जावेनं फोनवर सुनावलं, ‘वर्षसुद्धा झालं नाही, तुला हसवतं तरी कसं?’ पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी लिहिलंय की जोरात हसलं की लघवीचे थेंब जातात, म्हणून त्या उठल्यापासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. फक्त गोळीपुरतं पाणी पितात आणि निघतात. त्यांचा प्रश्न असा: ‘हे असंच रेटू, की जाणं बंद करू?’

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ आधी घेऊ. बाकीच्या प्रश्नांवर विचार करायला वेळ आहे, यावर मात्र उद्या सकाळपासूनच काही करता येईल.

खोकताना, शिंकताना, हसताना थेंब जाणं हे बाळंतपणं झालेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये सर्रास आढळतं. तुमच्या गोलात उभ्या असलेल्या आणखी दोघी-तिघींना हाच त्रास असेल आणि त्याही बोलत नसतील. मोठ्यानं हसताना पोटाचे स्नायू झटक्याझटक्यानं आत ओढले जातात, पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो थेट मूत्राशयावर येतो. मूत्राशयाला आणि गर्भाशयाला खालून आधार देणारा स्नायूंचा पडदा सैल पडला असेल, तर तो दाब पेलला जात नाही. यात तुमचा काही दोष नाही आणि हा म्हातारपणाचा भोगही नाही. हे स्नायू व्यायामानं पुन्हा घट्ट होतात.

पाणी तोडणं मात्र आजच थांबवा. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, दाट लघवीनं मूत्राशय चुरचुरतं आणि उलट सारखं जावंसं वाटतं. शिवाय रात्रभराची तहान, वर रक्तदाबाची गोळी आणि वीस मिनिटं जोरजोरात श्वास सोडणं, हे तिन्ही एकत्र आलं तर चक्कर येऊन पडायची भीती. उठल्यावर पेलाभर पाणी प्या. निघताना आठवणीनं लघवीला जाऊन या. चहा परत आल्यावर घ्या, कारण चहानं लघवीची घाई वाढते.

गोळीचं पाकीट एकदा नीट बघा. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांत दुसरं औषध म्हणून लघवी वाढवणारं, बोलीत ज्याला ‘पाण्याची गोळी’ म्हणतात ते, मिसळलेलं असतं. अशा अनेक गोळ्यांच्या नावाला शेवटी ‘एच’ जोडलेला असतो. ती घेऊन लगेच बागेत गेलात तर तिचा जोर नेमका तिथेच जाणवणार. डॉक्टरांना विचारा, ‘ही गोळी मी परत आल्यावर, नाश्त्याबरोबर घेतली तर चालेल का?’ आपल्या मनानं वेळ बदलू नका. गोळी सुरू झाल्यापासून कोरडा खोकला लागला असेल तर तेही सांगा. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या औषधांनी काहींना असा खोकला लागतो आणि दिवसभर खोकून तो खालचा पडदा आणखी सैल होतो. औषध बदलून मिळतं.

आता व्यायाम. लघवी मध्येच थांबवायची आहे आणि त्याच वेळी वायूही रोखायचा आहे, अशी कल्पना करून तिथले स्नायू वर आणि आत ओढा. पोट, मांड्या, कुल्हे ढिले राहू द्या, श्वास चालू ठेवा. सुरुवातीला तीन ते पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असं आठ वेळा केलं की एक फेरी झाली. दिवसातून तीन फेऱ्या: एक अंथरुणात, एक दुपारी बसून, एक संध्याकाळी उभ्यानं. धरण्याचा वेळ हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी पटकन ओढणं-सोडणं असे आठ-दहा झटके द्या, कारण हसताना दाब झटक्यानंच येतो. बहुतेकींचं चुकतं ते दोन ठिकाणी. स्नायू वर ओढण्याऐवजी श्वास कोंडून खाली जोर लावला जातो, आणि त्यानं त्रास वाढतो. दुसरं म्हणजे पंधरा दिवसांत फरक दिसला नाही की सोडून दिलं जातं. किमान तीन महिने द्यावे लागतात. प्रत्यक्ष लघवी करताना धार थांबवून सराव करू नका. स्नायू कुठला हे ओळखायला एकदा तसं करून पाहणं ठीक, पण सवय लागली तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

बागेत वापरायची युक्ती अशी: हसण्याच्या आधी क्षणभर हे स्नायू आवळा आणि आवळलेले ठेवूनच हसा. पावलं फार फाकवून उभ्या राहू नका. हसू अनावर झालं तर एक पाय दुसऱ्यावर आडवा टाका. लघवीसाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. पाळीचे पॅड त्यासाठी बनवलेले नसतात, ते पटकन ओले राहून कातडी खराब होते. पहिले काही आठवडे असा पॅड लावून जायला हरकत नाही. निश्चिंत असलात तर श्वासही मोकळा होईल.

लघवीला जळजळ असेल, रक्त दिसत असेल, बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच लघवी होत असेल, किंवा अंग बाहेर आल्यासारखं, खाली जड जड वाटत असेल, तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तपासणी होईपर्यंत मोठ्यानं हसण्याचे प्रकार बंद.

आता ‘नाटक’ वाटण्याबद्दल. यामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: हसणं आनंदातूनच आलं पाहिजे, तसं आलं नाही तर ती फसवणूक. पण फसवणुकीत समोरच्याला काहीतरी खोटं भासवायचं असतं. बागेतल्या गोलात कुणी कुणाला काही भासवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की हा व्यायाम आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांचा पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथे रोज कुणीतरी मध्ये येऊन विनोद सांगत असे. साधारण दोन आठवड्यांतच चांगले विनोद संपले. उरले ते कुणाच्या तरी मनाला लागणारे. तेव्हा विनोद काढून टाकले आणि कारणाशिवाय हसायचं ठरलं. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत, त्यामुळे दोन हसण्यांच्या मध्ये दीर्घ श्वसन आलं. पुढे पुण्यातल्या नवचैतन्य हास्ययोग परिवारासारख्या संस्थांनी हा प्रकार बागाबागांत रुजवला. म्हणजे तुम्हाला जे खोटं वाटतं, ते या पद्धतीत मुद्दाम ठेवलेलं आहे. आनंदी माणसांपुरता हा व्यायाम राहू नये, म्हणून.

मात्र क्लबात हमखास ऐकू येणारं एक वाक्य मला मान्य नाही: ‘शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही.’ कळतो. ठरवून हसणं आणि आपसूक येणारं हसू यांचे मेंदूतले मार्ग वेगळे आहेत, आणि नुसत्या आवाजावरूनही माणसं बहुतेक वेळा दोन्ही ओळखतात. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी दाखवून दिलं की माणसांनी एकत्र बसून मनमुराद हसल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढते. बहुधा शरीरातली वेदनाशामक द्रव्यं, एंडॉर्फिन, स्रवत असावीत. पण ते हसू विनोदी कार्यक्रम बघताना आपोआप आलेलं होतं, शिट्टीवर काढलेलं नव्हतं. तेव्हा तुम्हाला जाणवलेला फरक खरा आहे. तुमच्या मनात काही बिघाड आहे म्हणून तो जाणवलेला नाही.

ठरवून हसण्यातून मिळतं ते दुसरं. पहिलं म्हणजे लांब, पुरता उच्छ्वास. एरवी आपण वरवर श्वास घेतो. दुःखात तर आणखीच आखडून. हसताना फुप्फुसांतली हवा जवळजवळ तळापर्यंत बाहेर पडते, पुढचा श्वास आपोआप खोल येतो आणि खांदे-जबडा सैल पडतात. दुसरं म्हणजे माणसांची नजर. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं की एकटं असताना माणूस जितकं हसतो, त्याच्या तीस पट चारचौघांत हसतो, आणि तेही बहुतेकदा विनोदावर नाही, साध्या बोलण्यावर. गोलात उभं राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघत हसायचं ते यासाठी. सात-आठ मिनिटांनी कुणाचं तरी हसू खरं होतं आणि मग ते पसरतं. एखाद्या दिवशी तुमच्यापर्यंत येईल, एखाद्या दिवशी येणार नाही. आलं नाही तरी श्वास झाला, हात-पाय हलले, माणसं भेटली. दहा महिने एकट्या राहणाऱ्या बाईच्या सकाळीसाठी मला हे पुष्कळ वाटतं.

तेव्हा हसायचा ‘प्रयत्न’ सोडा आणि फक्त ‘हा’ काढायला शिका. घरी दोन दिवस सराव करा. खुर्चीत ताठ बसा, एक तळहात बेंबीवर ठेवा. नाकानं चार आकडे श्वास घ्या, पोट हाताला पुढे ढकलेल. मग तोंड मोकळं उघडून, जबडा सैल सोडून, ‘हा, हा, हा, हा’ असे चार-पाच हलके झटके द्या. दर ‘हा’ला पोट आत गेलं पाहिजे. पोट हललं नाही आणि मानेच्या शिरा फुगल्या, खांदे कानांकडे चढले, तर आवाज घशातून निघतोय. घशातून हसणाऱ्यांचा आवाज आठवड्याभरात बसतो आणि पोटाला काहीच व्यायाम होत नाही. झटके संपल्यावर सहा ते आठ आकडे सावकाश श्वास सोडा. श्वास कोंडून ठेवायचा नाही, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. अशा पाच आवर्तनांनंतर थांबा. घरी एवढं पुरे.

क्लबात साधारण असा क्रम असतो: दोन-तीन मिनिटं ‘हो हो, हा हा हा’ म्हणत टाळ्या, हात वर नेत दीर्घ श्वसन, मग एकेक हास्यप्रकार आणि दर प्रकारानंतर दोन खोल श्वास. वीस-पंचवीस मिनिटांत आठ-दहा प्रकार होतात. टाळ्यांनी हातावरचे बिंदू दाबले जाऊन अमुक रोग जातो, असं सांगतात, त्यावर फार विसंबू नका. टाळीमुळे ताल मिळतो, तळहात गरम होतात आणि अवघडलेपण थोडं जातं. तेवढं काम ती उत्तम करते.

प्रकार निवडून करा. नमस्ते हास्य तुमच्यासाठी सगळ्यांत चांगलं: हात जोडून समोरच्याकडे बघायचं आणि बेतानं हसायचं. हसू आलं नाही तर नुसतं बघा, तेही चालतं. मोबाइल हास्यात हात कानाशी धरून इकडेतिकडे फिरता येतं, त्यामुळे कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटत नाही. लस्सी हास्यात एका काल्पनिक पेल्यातून दुसऱ्यात ओतून मग पिताना मान मागे टाकायला सांगतात. ती टाकू नका, हनुवटी समोरच ठेवा. वयानुसार मानेचे मणके झिजलेले असतात आणि मान मागे टाकून हसताना पुष्कळांना गरगरतं. मौन हास्य शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बरं, पण त्यात आवाजाबरोबर श्वासही कोंडला जातो आणि छातीत-पोटात दाब वाढतो. तोंड उघडं ठेवून हवा जाऊ द्यायची, मगच ते निर्धोक. सिंह हास्य, बोट नाचवत पुढे वाकायचं भांडण हास्य, उड्या मारत हसणं आणि हळूहळू चढत जाऊन शेवटी गडगडाटावर पोचणारं हास्य, हे सगळं तीन महिन्यांनंतर बघू.

एका प्रकाराला दहा ते पंधरा सेकंद. बाकीचे चाळीस सेकंद हसत असले तरी तुम्ही थांबा आणि श्वास घ्या. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, तर ‘भरपूर प्राणवायू मिळतोय’ असं कुणी समजावेल. होतं ते वेगळंच. भराभर श्वास सोडल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. बाकावर बसा, नाकानं सावकाश श्वास घ्या, दोन-तीन मिनिटांत बरं वाटेल. छातीत दुखलं, दम लागून राहिला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र बाकावर बसून वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

बीपीची गोळी सुटेल हे काका सद्भावनेनंच म्हणत असतील, पण ते मनावर घेऊ नका. जोरात हसताना नाडी आणि रक्तदाब थोडा वेळ वाढतो, मग स्नायू सैल पडल्यावर उतरतो. एवढ्यावरून गोळी बंद करणं धोक्याचं आहे. हसण्यानं वजन उतरतं हेही असंच. २००७ साली अमेरिकेत मोजमाप झालं, त्यात दिवसाला दहा-पंधरा मिनिटं हसण्याचा हिशेब दहा ते चाळीस कॅलरींचा निघाला. साखर घातलेला कपभर चहादेखील त्याहून जास्त होतो. म्हणून क्लबाला चालण्याची जोड हवी. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. बागेत जायला-यायला दहा-दहा मिनिटं लागत असतील तर निम्म्याहून जास्त हिशेब तिथेच भरतो.

रक्तदाब घरी मोजत असाल तर परतल्या परतल्या मोजू नका. अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलेले आकडे डॉक्टरांच्या जास्त कामाचे. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११०च्या आसपास दिसला तर त्या दिवशी क्लब नाही, डॉक्टरांना फोन.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी: हर्निया, मूळव्याधीचा मोठा त्रास, गेल्या तीन महिन्यांतली पोटाची, छातीची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, काचबिंदू, फिट येणं, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मोठ्यानं हसण्याचे व्यायाम करू नयेत. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा. हसण्यानंच दम लागत असेल तर दमा काबूत नाही असं समजावं आणि आधी औषध नीट करून घ्यावं. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फर्नर आणि अॅरन्सन या दोन तज्ज्ञांनी हसण्याचे फायदे आणि अपाय दोन्ही एकत्र मांडले. दम्याचा झटका, भोवळ, हर्निया, नकळत लघवी होणं हे सगळं त्यात आहे. हसणं हे औषध असं आपण म्हणतो, तर औषधासारखीच त्याची मात्राही ठरवायला हवी.

आता जाऊबाईंचं बोलणं. ते तुम्हाला लागलंय, कारण तोच प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारता आहात, असं पत्रातून जाणवलं. वर्षभर सणवार, समारंभ टाळायची रीत तुमच्या घरात असेल तर ती जरूर पाळा. पण सकाळचा व्यायाम हा समारंभ नाही. दुसरीकडे, हसलं म्हणजे दुःख संपलं असा अर्थ आपण आपसूक लावतो, तो खरा आहे का हेही बघू. १९९७ साली डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी, जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांना त्या जोडीदाराविषयी बोलायला सांगितलं आणि त्यांचे चेहरे बारकाईनं पाहिले. बोलता बोलता ज्यांना डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू आलं, त्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी होता. हसल्यामुळे दुःख हलकं झालं, की ते हलकं होत होतं म्हणून हसू आलं, हे यावरून ठरत नाही. पण त्यांना हसू आलं ते गेलेल्या माणसाची आठवण काढताना. त्या हसण्यात विसरणं कुठेच नव्हतं.

म्हणून मी सुचवेन की व्यायामानंतरच्या गप्पांत तुमच्या यजमानांचं नाव निघू द्या. ते काय खायचे, कशावरून चिडायचे, बाजारातून काय चुकीचं घेऊन यायचे, हे सांगा. ज्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलता येईल अशी दोन माणसं त्या गोलात मिळाली, तर बाकी सगळ्या प्रकारांपेक्षा ते मोलाचं. जावेला लांबलचक खुलासा देण्याची गरज नाही. ‘डॉक्टरांनी रोज चालायला आणि श्वासाचे व्यायाम करायला सांगितलंय, त्यासाठी जाते. संध्याकाळी घर खायला उठतं गं, तू कधी येतेस?’ एवढं बोला. कदाचित त्यांना तुमची काळजीच वाटत असेल आणि ती अशा वाकड्या वाटेनं बाहेर पडली असेल.

हसता हसता एखाद्या दिवशी रडू फुटेल, याची तयारी ठेवा. हास्यक्लबात ते नवीन नाही. हुंदका आणि हसू दोन्ही छाती-पोटामधल्या त्याच श्वासपटलाच्या, त्याच श्वासाच्या झटक्यांतून येतात, आणि आखडलेला श्वास मोकळा झाला की काय बाहेर पडेल ते आपल्या हातात नसतं. शेजारच्या बाईंना आधीच सांगून ठेवा, ‘मला रडू आलं तर मला बाकापर्यंत ने, पाणी दे, समजावू नकोस.’ मात्र दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही किंवा जगून काय करायचं असे विचार येतात, अशी अवस्था असेल तर त्यावर हास्यक्लब हा उपाय नाही. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीच्या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येतं. पुढे कुणाकडे जायचं तेही ते सांगतात.

तर आता रेटायचं की सोडायचं? तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत, मधली एक मोकळी आहे. काकांना उद्या बाजूला घेऊन सांगा: ‘काका, मला यायला आवडतं. पण सध्या मी श्वास आणि टाळ्या करेन, हसणं माझ्या बेतानं. मला मध्ये बोलावू नका आणि मनापासून हसा असं सगळ्यांत म्हणू नका, मला अवघडल्यासारखं होतं.’ कारण सांगायचं बंधन नाही. बहुतेक क्लबप्रमुख हे ऐकतात. त्यांनाही माणसं टिकायला हवी असतात. उभं राहायची जागा गोलाच्या बाकाकडच्या बाजूला घ्या, म्हणजे कधीही बसता येईल. सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस असं जाऊन बघा. रोज परत आल्यावर तासाभरानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेपाशी एक खूण करा: हलकं वाटलं, जड वाटलं, काहीच नाही. बागेत असतानाच्या भावनेवर निर्णय सोडू नका. तिथे संकोच असतो. तासाभरानंतरचं वाटणं जास्त विश्वासाचं.

सहा आठवड्यांनी जडच्या खुणा जास्त निघाल्या तर खुशाल सोडा, आणि सोडताना सकाळची वेळ मात्र रिकामी ठेवू नका. त्याच बाईंबरोबर चाला. भजनी मंडळात बसा. गाण्यातही लांब उच्छ्वास आहे, ताल आहे, माणसं आहेत, आणि दुःखातल्या माणसाला भजनात आनंदी दिसावं लागत नाही. काही जणींना तेच जास्त मानवतं.

क्लब चालवणाऱ्यांसाठीही थोडं. नवीन माणूस आलं की त्याची तब्येत खासगीत विचारा, सगळ्यांसमोर नाही. रांगा नकोत, गोल करा, म्हणजे डोळे डोळ्यांना भिडतील. बायकोवरचे, जाडीवरचे, रंगावरचे विनोद घुसवू नका. पहिल्या क्लबालाही विनोद सोडावे लागले होते. ‘अमक्याचा मधुमेह गेला’ अशी भाषणं थांबवा. त्यावर विसंबून एखादा औषध सोडतो आणि तुमच्यापर्यंत बातमीही येत नाही. आणि आवाज सांभाळा. रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्यानं शांततेची वेळ आहे, पण सहा वाजून पाच मिनिटांनी खिडकीखाली गडगडाट झाला तर रात्रपाळी करून झोपलेल्याला कायद्याची वेळ सांगून उपयोग नाही. मुंबईत कुर्ल्यातल्या एका हास्यक्लबाविरुद्धची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. इमारतींपासून लांबचा कोपरा निवडा, ध्वनिवर्धक लावू नका, मोठ्या आवाजाचे प्रकार सातनंतर घ्या.

ताई, डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी कागदावर लिहून न्या, नाहीतर तिथे गेल्यावर संकोचानं राहून जातात: गोळीची वेळ बदलता येईल का, खोकला औषधामुळे असेल का, आणि थेंब जाण्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मिळेल का. पहिल्या एक-दोन भेटींत फिजिओथेरपिस्ट स्नायू बरोबर आवळला जातोय की नाही हे तपासून देतात. ते एकदा कळलं की पुढचं घरी जमतं.